आधी एकाचं शेवटपर्यंत ऐक

प्रिय बाय,

धर्मशिक्षणाचा वर्ग सोडते, असं फादरांना सांगायला तू निघाली आहेस. थोडी थांब. सांगायचंच असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर सांग, मी अडवणार नाही.

नववीतल्या त्या मुलाने विचारलेला प्रश्न चांगला होता. येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कार्योत याने गळफास घेतला, असं शुभवर्तमानात मत्तय लिहितो. नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मात्र तो स्वतःच्या शेतात पालथा पडला, पोट फुटलं, आतडी बाहेर आली. मग खरं कोणतं? तू म्हणालीस, दोन्ही खरं: आधी फास घेतला, मग दोर तुटला, मग खाली पडला. मुलगा ‘ओके टीचर’ म्हणून बसला आणि तुला त्या दुपारी जेवण गेलं नाही.

जेवण गेलं नाही ते बरं झालं. असलं उत्तर देऊन ज्यांना गाढ झोप लागते त्यांच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. तुझ्याशी आहे. पण ती एकच गोष्ट आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तुला कंटाळा आला तरी. आधी एकाचं शेवटपर्यंत ऐक. त्याचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याला मध्ये बोलावू नकोस.

दोर तुटल्याचं उत्तर तुझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ते दीड हजार वर्षांपासून चालत आलंय. वल्गाता नावाचं जे जुनं लॅटिन बायबल आहे, त्यात कृत्यांच्या पहिल्या अध्यायातल्या त्या वचनात यहूदा ‘लटकलेला’ आहे. ग्रीक मजकुरात तिथे फास नाही, दोर नाही, झाडही नाही. माणूस पालथा पडतो, एवढंच. मत्तयाचा फास लॅटिनमध्ये कृत्यांत जाऊन बसला आणि पश्चिमेकडच्या चर्चने शतकानुशतकं तेच वाचलं. माझ्या बापाने उभ्या आयुष्यात ऐकलेली मिस्सा त्याच लॅटिनमधली. म्हणून तुला म्हणतो, वृत्तांतातले फरक आणि भाषांतरातले फरक हे दोन वेगळे आजार समजू नकोस. पुष्कळदा पहिला फरक पुसायला गेलं की दुसरा जन्माला येतो.

आता मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय उघड आणि कृत्ये बंद कर. बंद म्हणजे बंद, मध्ये बोट घालून ठेवायचं नाही. येशूला दोषी ठरवलेलं यहूदा बघतो, त्याला पस्तावा होतो, चांदीची तीस नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे परत जातो. म्हणतो, मी निर्दोष रक्ताचा घात केला. ते काय म्हणतात? त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तो नाणी मंदिरात फेकतो, जातो आणि गळफास घेतो. याजक नाणी उचलतात, पण हा रक्ताचा पैसा, भांडारात टाकता येत नाही, म्हणून त्यातून कुंभाराचं शेत घेतात. इथे बहुतेक जण थांबतात, कारण यहूदाचं काय झालं ते कळलं. तू थांबू नकोस. पुढे वाच. काही वचनांनंतर रोमन सुभेदार पिलात पाणी मागवतो, लोकांसमोर हात धुतो, म्हणतो की या माणसाच्या रक्ताबाबत मी निर्दोष आहे, तुमचं तुम्ही बघा.

ऐकलंस? तुझं तू बघ. तुमचं तुम्ही बघा. याजक यहूदाला जे म्हणाले तेच पिलात जमावाला म्हणतो. यहूदाचा पस्तावा आणि पिलाताचं हात धुणं, दोन्ही गोष्टी शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी फक्त मत्तय सांगतो. एका निर्दोष माणसाचं रक्त कोणालाच आपल्या हातावर नको आहे. यहूदा ते याजकांच्या दारात टाकतो, याजक यहूदाच्या गळ्यात टाकतात, पिलात जमावावर ढकलतो. मत्तयाला यहूदाचा मृत्यू सांगायचा आहे तो या साखळीत. त्यातच आणखी एक गोष्ट आहे. जुन्या करारात दाविदाचा सल्लागार अहिथोफेल त्याच्याशी फितूर होतो आणि शेवटी घरी जाऊन गळफास घेतो. मत्तयाचे वाचक ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेले. दाविदाच्या वंशातल्या राजाला धरून देणारा माणूस कसा मरतो, हे वाचताना त्यांना काय आठवलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको.

याच अध्यायात, पिलाताच्या बोलण्याला लागूनच, जमावाच्या तोंडी एक वाक्य आहे: त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर असो. ते एक वाक्य तोडून घेऊन ख्रिस्ती लोकांनी युरोपात शतकानुशतकं यहुद्यांचा छळ केला. रक्ताची जबाबदारी सगळेच कसे झटकतात हे दाखवणारा अध्याय, आणि वाचणाऱ्यांनी त्यातलं एक वाक्य उचलून सगळी जबाबदारी एका समाजावर टाकली. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. आपल्या किनाऱ्यावर, अलिबागकडे नवगावला, बेने इस्राएल म्हणजे आपल्याकडचे यहुदी लोक किती पिढ्या राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. कोणी त्यांच्या दारावर दगड घेऊन गेलं नाही, याचा मला अभिमान आहे. पण ते आपल्या लोकांनी मत्तय नीट वाचला म्हणून झालं, असं मी म्हणू शकत नाही. मत्तय नीट वाचलाच पाहिजे तो यासाठी.

आता मत्तय मिटून ठेव आणि कृत्ये उघड. इथे बोलतोय पेत्र, सुमारे १२० माणसांसमोर, आणि प्रश्न आहे यहूदाच्या रिकाम्या जागी कोण. इथे यहूदा पैसे परत करत नाही. अधर्माच्या मजुरीतून तो शेत घेतो आणि त्याच शेतात मरतो. ते रक्ताचं शेत म्हणून ओळखलं जातं. पुन्हा तेच: इथे थांबू नकोस. चौथ्या अध्यायाच्या शेवटापर्यंत जा. सायप्रसचा बर्णबा आपलं शेत विकतो आणि पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवतो. लगेच पाचव्यात हनन्या आणि सप्पीरा जमीन विकतात, त्यातले काही पैसे गुपचूप मागे ठेवतात आणि दोघंही मरतात. कृत्ये लिहिणारा तो लूकच. त्याची नजर कुठे आहे दिसली का? जमिनीवर. कोण जमीन घेतो, कशाच्या पैशाने घेतो, कोण विकतो, विकून काय करतो. धरून दिल्याच्या पैशातून एकाने जमीन केली आणि तो तिच्यात संपला. दुसऱ्याने असलेली जमीन भावांसाठी मोकळी केली. वसईच्या पोरीला हे समजावून सांगायला लागू नये. वाडीच्या सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले तू बघितलेस. तुझ्या वर्गातल्या मुलांनीही बघितलेत.

आता सांग, दोर तुटला म्हटल्याने हातात काय आलं? मत्तयाचं ‘तुझं तू बघ’ गेलं, लूकची जमीन गेली. उरलं काय, तर एका माणसाच्या प्रेताचा पंचनामा. तो दोघांनाही लिहायचा नव्हता.

तू विचारशील, म्हणजे दोघांचं जुळतच नाही? नाही जुळत. पैसे परत केले की त्यातून शेत घेतलं, शेत याजकांनी घेतलं की यहूदाने, मरण कसं आलं, यातलं काहीही जुळत नाही. ते जुळत नाही हे मुलांना सरळ सांगायचं, आवाज खाली न आणता. दोघंही एवढंच पक्कं सांगतात की बारा जणांतल्या एकाने धरून दिलं, त्यात पैसा होता, त्याचा शेवट वाईट झाला आणि यरुशलेमेत रक्ताचं शेत म्हणून एक जागा होती. तेवढं पुरेसं आहे.

विरार लोकलमध्ये रोज भेटणाऱ्या त्या मुलाने तुला मोबाईलवर विसंगतींची लांबलचक यादी दाखवली, त्याचा तुला राग आलाय. माझा त्याच्यावर राग नाही. तो आणि दोर तुटल्याचं सांगणारे, एकाच जातीचे वाचक आहेत. एकाला दोन वचनं शेजारी ठेवून भांडण लावायचंय, दुसऱ्याला तीच दोन वचनं शेजारी ठेवून भांडण मिटवायचंय. दोघांनीही एकही शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका बैठकीत वाचलेलं नाही. त्याच्या यादीतले मुद्दे खोटे नाहीत. यरीहोला मत्तय दोन आंधळे सांगतो, मार्क एकच सांगतो आणि त्याचं नाव देतो, बार्तीमय. योसेफाचा बाप मत्तयात याकोब, लूकमध्ये एली. मंदिरातले व्यापारी योहान सुरुवातीलाच हाकलतो, बाकीचे तिघे शेवटच्या आठवड्यात. कबरेपाशी मार्कमध्ये एक तरुण, लूकमध्ये दोन पुरुष. हे सगळं चर्चला त्या लोकलमधल्या मुलाच्या आधी ठाऊक होतं. लपवायचं असतं तर संधी होती, आणि फार लवकर मिळाली होती.

सुमारे १७० साली तातियान नावाच्या माणसाने चौघांना कापून, जोडून एक सलग शुभवर्तमान तयार केलं. सिरियाकडची चर्चं पिढ्यान् पिढ्या तेच वाचत होती. त्यात येशूच्या वंशावळी नव्हत्या, कारण एक करायचं म्हटलं की काहीतरी कापावंच लागतं. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या भागात त्या पुस्तकाच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमानं ठेवली. विचार कर. हातात एक गुळगुळीत, कुठेही न अडखळणारं पुस्तक होतं. लोकांना ते प्रिय होतं. तरी चर्चने चार ठेवली, एकमेकांशी न जुळणारी. तू आणि मी त्या चर्चची माणसं आहोत, तातियानाची नाही.

आणि आजही चर्च तुला तेच शिकवतंय, तू दर रविवारी वाचनाला उभी राहतेस तरी तुझ्या लक्षात आलेलं नाही. १९६९ साली रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आलं. अ वर्ष मत्तयाचं, ब मार्कचं, क लूकचं. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहन वाचायचं ते त्या त्या वर्षाच्या लेखकाचं, शुभ शुक्रवारी मात्र दरवर्षी योहानाचं. कोणाचंही दुसऱ्यात मिसळायचं नाही. एकेकाला एकेक वर्ष दिलंय, एवढा धीर चर्चने धरला आणि तुला एक संध्याकाळ धीर धरवत नाही.

यात मला एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकतो. १४ मे रोजी संत मथियाच्या, म्हणजे यहूदाच्या जागी निवडलेल्या प्रेषिताच्या, सणाला कृत्यांचा हाच उतारा वाचतात, पण यहूदाच्या मरणाची ती दोन वचनं, अठरा आणि एकोणीस, गाळून. म्हणजे तुझ्या वर्गातल्या मुलाने ती चर्चमध्ये ऐकलेली असणं शक्यच नाही. त्याने घरी स्वतः वाचली. नववीतला मुलगा घरी बायबल उघडून बसतो आणि तू वर्ग सोडायला निघतेस!

आता तुझा दुसरा प्रश्न, नव्या बायबलात वचनं गायब का होतात. माझी सगळी नोकरी छापखान्यात गेली, आधी खिळे जुळवण्यात, मग प्रुफं वाचण्यात, तेव्हा हे मला जरा आतून कळतं. एकदा एका लेखकाने हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने खुलासा लिहिला होता, स्वतःच्या आठवणीसाठी. जुळाऱ्याने तो मजकुरातच जुळवला. वाक्य इतकं चपखल बसलं की दुसऱ्या प्रुफापर्यंत कोणाला संशय आला नाही. मूळ कॉपी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली तेव्हा सापडलं. हाताने नकला करण्याच्या काळात हेच उलटसुलट घडत होतं. दोन ओळी एकाच शब्दाने संपल्या की डोळा घसरून मधली ओळ गळायची, आणि समासातला खुलासा पुढच्या नकलेत मजकूर व्हायचा. योहानाच्या पाचव्या अध्यायात देवदूत तळ्यातलं पाणी हलवतो ते चौथं वचन घे, किंवा कृत्यांच्या आठव्यातलं सदतिसावं. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती नाहीत. पण वचनांना आकडे दिले १५५१ साली रोबेर एस्तिएनने, तोही छापखानेवालाच, आणि त्याच्यासमोर होता नंतरच्या काळातला मजकूर. सिनाईच्या मठातली चौथ्या शतकातली प्रत टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन पंडिताच्या हाती लागली एकोणिसाव्या शतकात. वचनं वगळली, आकडे मात्र सगळ्या जगात रुळलेले, ते कसे बदलणार? म्हणून छत्तीसनंतर एकदम अडतीस. कोणी काही चोरलेलं नाही. प्रूफ अजून तपासलं जातंय, एवढाच त्याचा अर्थ.

प्रभूच्या प्रार्थनेचंही तेच. ऐक्य सप्ताहात प्रॉटेस्टंट मैत्रिणीशेजारी उभी असताना तू ‘वाईटापासून सोडव’ म्हणून थांबलीस आणि ती राज्य, सामर्थ्य, गौरव म्हणत पुढे गेली. तिच्याकडे जास्त आहे असं नाही आणि तुझ्याकडे कमी आहे असंही नाही. ती शेवटची ओळ मत्तयाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत नाही, पण प्रार्थनेत ती फार पूर्वीपासून म्हटली जाते. मिस्सेत आपणही ती म्हणतोच, फादरांची छोटी प्रार्थना मध्ये झाल्यावर. आणि लूकची प्रार्थना तर दोघींच्या प्रार्थनेपेक्षा आखूड आहे. भाषांतरांनाही माझा नियम तोच. एक मराठी बायबल धर, त्यात राहा, अख्खं वाच. मग दुसरं शेजारी ठेव. पाच भाषांतरं मोबाईलवर एकाखाली एक लावून जे आपल्याला गोड लागेल ते उचलणं, याला वाचन म्हणत नाहीत.

तू म्हणशील, मग नाताळच्या गोठ्याचं काय? लूकचे मेंढपाळ आणि मत्तयाचे मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आपण एकाच पेंढ्यावर उभे करतो. मत्तयाचे मागी घरात येतात, त्याच्याकडे गव्हाण नाहीच. लूककडे तारा नाही. गोठा मांड, खुशाल मांड, मीही मांडतो. १६१६ साली रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्सने सगळी कथा एका धाग्यात ओवली, आणि त्या ओव्या वाचताना माझ्या मनात तक्रार येत नाही. गोठ्यातल्या मूर्ती बोलत नाहीत. पुराणातला कवी स्वतःच्या आवाजात बोलतो. पण मार्कच्या येशूच्या तोंडात लूकचं वाक्य घालायचं, हे मी करणार नाही आणि केलंही नाही.

हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच, तेव्हा माझ्याकडूनही ऐक. एका धर्मग्रामात मला शुभ शुक्रवारच्या संध्याकाळचं नाटक लिहायला सांगितलं होतं. मी मार्कवरून लिहिलं. मार्कमध्ये क्रूसावर येशू एकदाच बोलतो: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मग मोठ्याने ओरडतो आणि प्राण सोडतो. बाजूचे दोन्ही चोर त्याची निंदा करतात, चांगला चोर तिथे नाही. क्रूसाजवळ आई नाही. शिष्य पळून गेलेत, बायका दुरून बघतायत. समितीने संहिता परत पाठवली. सातही उद्गार घाला म्हणाले, आईचा प्रसंग घाला, लोक त्यासाठीच येतात. सात उद्गार कुठून येतात? तीन लूकचे, तीन योहानाचे, एक मत्तय आणि मार्कचा. लूकचा येशू मारेकऱ्यांना क्षमा करून आणि आपला आत्मा पित्याच्या हाती देऊन जातो. योहानाचा आईची सोय लावतो, ‘पूर्ण झालं’ म्हणतो आणि मान लववतो. हे दोघेही मला प्रिय आहेत. पण त्यांना मार्कच्या नाटकात उभं केलं की ती एकच हाक सातांतली चौथी होते. आधी तीन वाक्यं, नंतर तीन वाक्यं, मधे ती. आणि मग ती कोणालाच ऐकू येत नाही. मी नकार दिला. नाटक दुसऱ्याने लिहिलं, छान झालं म्हणतात. त्यानंतर मला कोणी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही.

मला हेकट म्हणतात. म्हणू देत. त्या वर्षी आपल्या वाडीत एक तरुण मुलगा बुडाला होता. त्याची आई शुभ शुक्रवारी चर्चमध्ये सगळ्यात मागे बसली होती. तिला सांत्वनाची सहा वाक्यं नको होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. देवाच्या पुत्राने सुद्धा ‘का?’ असं ओरडून विचारलं आणि त्याला वरून उत्तर आलं नाही, हे तिला एकदा ऐकायला मिळायला हवं होतं. दुसरं काही न मिसळता. मार्कने ते तिच्यासाठी लिहून ठेवलंय. ते तिच्यापर्यंत पोचवायची संधी आमच्या हातात होती.

बाकी खंत कसली म्हणशील, तर ग्रीक शिकायचं राहिलं. दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं वाचून, संध्याकाळच्या गर्दीत उभ्याने घरी येऊन, रात्री डोळे मिटायचे. तरुणपणी मला कोणी सांगितलं नाही की शुभवर्तमान हे अख्खं वाचायचं असतं. आम्हाला उतारे मिळाले, आणि उताऱ्यांवर प्रवचनं. रोमच्या बायबल आयोगाने १९६४ सालीच सांगितलं होतं की शुभवर्तमानांमागे तीन टप्पे आहेत: येशूने केलं आणि सांगितलं ते, प्रेषितांनी त्याचा प्रचार केला तो, आणि मग चार लेखकांनी आपापल्या लोकांसाठी निवडून, मांडून लिहिलं ते. हे माझ्यापर्यंत पोचलं केस पांढरे झाल्यावर. पंडिता रमाबाई आठवतात अशा वेळी. संस्कृताच्या पंडिता, पण बायबल मराठीत आणायचं म्हणून मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं भाषांतर केलं, आणि केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते छापलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर काम चालूच होतं. तुझं वय काय आहे? तुझ्याकडे वेळ आहे, संध्याकाळी बसायला खोली आहे, आणि तू मला लिहितेस की डोकं फिरायची वेळ आली. डोकं फिरत नसतं, बाय. ते जागं झालंय.

रविवारी काय करायचं ते सांगतो. त्या मुलाला वर्गासमोर सांग की दोर तुटल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. मग वर्गाचे दोन भाग कर. अर्ध्यांनी मत्तयाचे सव्वीस आणि सत्तावीस हे अध्याय घरून वाचून यायचं, अर्ध्यांनी कृत्यांचे पहिले पाच. एकमेकांचं उघडायचं नाही. छापलेल्या पुस्तकातून वाचू देत, मोबाईलवरून नको. तिथे बोट लागलं की दुसरंच पान उघडतं. पुढच्या रविवारी आधी मत्तयवाल्यांना बोलू दे, सगळं, शेवटपर्यंत. कृत्येवाल्यांनी हात वर केला तर हात खाली घ्यायला लाव. मग त्यांची पाळी. ‘खरं कोणतं’ हा प्रश्न दोन्ही गट बोलून होईपर्यंत कोणालाही विचारू देऊ नकोस. तुला स्वतःलाही नाही.

आणि तू मार्क वाच. सोळा अध्याय, मोठ्याने वाचलेस तर दीड-दोन तास. घरात कोणी नसताना वाच. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांब, सगळ्यात जुन्या प्रती तिथेच संपतात: बायका कबरेतून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढची बारा वचनं त्या दिवशी वाचू नकोस. मत्तय काय म्हणतो, योहान काय म्हणतो, तेही आठवू नकोस. दोन दिवस त्या भीतीतच राहा. मग मला फोन कर, पण दुपारी तीननंतर, त्याआधी मी वाडीत असतो. आणि मुलांपैकी कोणी ‘तुझं तू बघ’ दोन्ही ठिकाणी स्वतःहून पकडलं, तर त्याचं नाव मला सांग. माझ्याकडे बायबलची एक चांगली शब्दसूची आहे, कोणता शब्द कुठे येतो ते सांगणारी, ती मी त्याला देणार आहे.

तुझा,
काका